चकाकी हवी, पण रंग राखून

मैत्रिणींनो, आज जरा स्वयंपाकघरातून बाहेर पडून दारात उभ्या असलेल्या गाडीपाशी जाऊ या. निमित्त आहे सांगलीच्या एका भगिनीच्या पत्राचं. पत्र वाचलं आणि दोन दिवस ते मनातून जाईना.

या बाईंनी पन्नाशी उलटल्यावर गाडी चालवायला शिकून घेतलं. स्वतःच्या रिकरिंगचे पैसे घालून एक जुनी लाल गाडी घेतली. नातवाला शाळेतून आणणं, बाजार, भिशी, सगळं स्वतःचं स्वतः सुरू झालं. एके दिवशी बॉनेटवर कावळ्याची घाण वाळून बसलेली दिसली. पुसून निघेना, म्हणून त्यांनी भांड्यांची हिरवी घासणी आणली आणि खसाखसा घासलं. घाण गेली, पण वीतभर जागा पांढुरकी, ओरखड्यांची झाली. घरात मग एकच सूर निघाला : “तरी आम्ही सांगत होतो!” गाडीची किल्ली यजमानांच्या कपाटात गेली. बाई दुकानात गेल्या, तर तिथं चार बाटल्या : रबिंग कंपाउंड, फाइन कंपाउंड, पॉलिश आणि वॅक्स. दुकानदार म्हणाला, “सगळ्यात स्ट्राँग घ्या, एका हातात डाग साफ.” बाई विचारतात, “ताई, कुठली घेऊ?”

सगळ्यात स्ट्राँग तर मुळीच घेऊ नका! का ते सांगते.

ओरखडा म्हणजे रंगात पडलेला बारीक चर. त्याच्या कडांवर उजेड फाकतो, म्हणून जागा पांढुरकी दिसते. पॉलिश किंवा कंपाउंड (कुंपणाचं नव्हे हं, घासायचं!) तो चर बुजवत नाही. भोवतालचा रंग घासून चराच्या तळाशी आणून ठेवतं. म्हणजे चकाकी बाटलीतून येत नाही, ती रंगातूनच काढली जाते. दर वेळी थोडा रंग खर्च होतो.

आणि हा खर्चायचा साठा आहे तरी केवढा? हल्लीच्या गाड्यांना खाली प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साधारणपणे सगळे थर मिळून १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस बहुधा याहून जाड! उन्हापासून रंगाला वाचवण्याचं बरंचसं काम हा थर करतो. तो फार पातळ झाला की पुढं पांढरा पडतो, पापुद्रे सुटतात, आणि मग पुन्हा रंग मारण्यावाचून इलाज उरत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, चटका बसून कळलं. आमची पांढरी मारुती १९९१ सालची. त्या गाडीला वरचा पारदर्शक थर नव्हता, नुसता रंगच. दर दिवाळीला आमचे ‘हे’ तिला गॅरेजात पाठवायचे आणि गॅरेजवाला मशीननं कंपाउंड मारून द्यायचा. गाडी अशी चकाकायची की शेजारीण विचारायची, “नवी घेतलीत का?” त्याच्या कापडावर पांढरं येई. मला वाटे, औषधाचाच रंग असेल. पाच-सहा दिवाळ्या झाल्या आणि एक दिवस बॉनेटच्या कडेला करडी रेघ दिसली. मी ओल्या फडक्यानं पुसत बसले, पण तो डाग नव्हता, खालचा प्रायमर होता. इतकी वर्षं पैसे मोजून आम्ही रंग झिजवत होतो!

आता त्या चार बाटल्या ओळखून घेऊ. रबिंग कंपाउंड म्हणजे जाडा रवा, फाइन कंपाउंड म्हणजे बारीक रवा, पॉलिश म्हणजे मैदा. तिन्हींत घासणारे कण असतात, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. हा पदार्थ गारगोटीपेक्षाही कठीण. रंगकाम करणारे २००० नंबरचा पॉलिश पेपर वापरतात, त्याचा कण सुमारे १० मायक्रॉनचा. १००० नंबरच्या पेपरचा सुमारे १८. नंबर मोठा तितका कण बारीक, हे ध्यानात ठेवा. अशा पेपरनं उठलेले वळ काढण्यासाठी जाडं कंपाउंड असतं. ते आपल्या नेहमीच्या बारीक ओरखड्यांवर वापरणं म्हणजे चहाचा कप राखेनं घासणं! चौथी बाटली वॅक्सची. निव्वळ वॅक्समध्ये कण नसतात. ते काही काढत नाही, वर पातळ पांघरूण घालतं. मात्र बाटलीवर ‘क्लीनर वॅक्स’ लिहिलं असेल, तर त्यात थोडे कण असतात, बरं का.

पुष्कळ जणी बाटलीतलं औषध चिमटीत चोळून “हे मऊ, ते खरखरीत” असं ठरवतात. त्यावर विसंबू नका. इतके बारीक कण बोटांना कळत नाहीत. आपल्याला लागतो तो त्यातल्या तेलाचा मऊपणा. शिवाय काही औषधांतले कण चोळता चोळता फुटतात, खडीसाखरेसारखे. आधी जोरात घासतात, मग बारीक होऊन चकाकी आणतात. असं औषध अर्धवट चोळून पुसलं तर उलट वळ राहतात. दुसऱ्या प्रकारचे कण वाळूसारखे, शेवटपर्यंत तेवढेच.

बाटलीवर कधी ‘कट’ म्हणून आकडा छापलेला असतो. एकाच कंपनीच्या दोन बाटल्या ताडून पाहायला तो उपयोगी. पण एका कंपनीचा ८ आणि दुसरीचा ८ सारखे समजू नका. ज्याचं माप त्याच्यापुरतं. दातांच्या पेस्टचं तसं नाही. पेस्ट दातावर किती घासते हे मोजायची ठरलेली रीत आहे. एका ठराविक पावडरीला १०० धरतात, आणि आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पेस्टचा आकडा २५० च्या वर जाता कामा नये. “मग पेस्टनंच ओरखडा काढू का?” असंही विचारतात. पेस्टमध्ये खडू किंवा सिलिका असते, त्यामुळे अगदी पुसट रेघ थोडी कमी होते खरी. पण निरनिराळ्या पेस्ट कमी-जास्त खरखरीत असतात आणि त्या बनवलेल्या असतात दातांसाठी. त्या दातांनाच राहू द्या.

दुसरी गोष्ट, घासणं हे नुसतं बाटलीवर नसतं. तेच औषध मऊ स्पंजानं लावलं तर हळुवार, लोकरीच्या गादीनं लावलं तर जोरकस, आणि मशीननं तर विचारूच नका. हाताचा दाब आणि किती वेळ चोळलं, हेही आलंच. आणि काही औषधांतलं तेल चरात बसून ओरखडा झाकतं. चार धुण्यांत तो पुन्हा वर येतो. गॅरेजातून गाडी आणलीत की धुऊन पाहा, मगच शाबासकी द्या.

आता कृती. गाडी सावलीत आणि पत्रा थंड असू द्या. आधी भरपूर पाणी ओतून धूळ काढा. ओरखड्यावरून हळूच नख फिरवा. नख अडकलं तर चर खोल आहे. तो पॉलिशनं जायचा नाही, त्याचा हट्ट धरू नका. नख अडकलं नाही तर सर्वांत सौम्य पॉलिश वाटाण्याएवढं घ्या आणि वीतभर जागेवरच मऊ स्वच्छ कापडानं बेताच्या दाबानं चोळा. पांढऱ्या कापडावर गाडीचा रंग उतरला, तर क्लिअर कोट नाही असं समजा आणि हात आणखी आवरा. पुसून बॅटरीच्या उजेडात पाहा. फरक पडला नाही तर पुन्हा एकदा. तरीही नाही, तरच फाइन कंपाउंड, आणि त्यानंतर पुन्हा पॉलिश. कडांवर आणि उंचवट्यांवर रंग पातळ असतो, तिथं जपून. काळ्या रबराला, प्लॅस्टिकला औषध लागलं तर ते पांढुरकं होतं, म्हणून तिथं आधी चिकटपट्टी लावा. शेवटी वॅक्सचा हात.

खरं सांगू? बाटलीपेक्षा मोठा शत्रू आपल्या दारात रोज सकाळी येतो. गाडी पुसणारा मुलगा कोरड्या फडक्यानं धूळ झटकतो ना, त्या धुळीत गारगोटीचे कण असतात, रंगापेक्षा कितीतरी कठीण. उन्हात गाडीवर जी कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल रेघांची नक्षी दिसते, ती बहुधा यातूनच येते. त्याला रागवू नका, दोन बादल्या द्या. एक साबणाची, एक फडकं खळबळायची. आधी पाणी ओतायचं, मग वरून खाली पुसायचं. आणि पाखरांची घाण दिसली की ओलं फडकं त्यावर दहा मिनिटं ठेवायचं. घाण भिजते, मग अलगद उचलायची. घासणी आपली ओट्यावरच बरी.

सांगलीच्या बाईंच्या पत्रात फोन नंबर होता. अंक छापून येईपर्यंत थांबवेना, म्हणून मी सरळ फोन लावला. त्यांनी सौम्य पॉलिशनं सुरुवात केली. कापड पांढरंच राहिलं, म्हणजे क्लिअर कोट होता. दोनदा पॉलिश झालं, मग थोडं फाइन कंपाउंड, मग पुन्हा पॉलिश. परवा त्यांचं दुसरं पत्र आलं. पांढुरका डाग गेला आहे. नख अडकत होतं त्या दोन रेघा मात्र आहेत. त्या लिहितात, “त्या दोन राहू दिल्या, ताई. यजमान म्हणाले, गॅरेजात देऊन घासून घेऊ. मी म्हटलं, नको, रंग जाईल. आणि किल्ली मागून घेतली.”

चकाकीच्या नादानं रंग गमावू नका. पुढच्या आठवड्यात तांब्या-पितळेच्या भांड्यांकडे वळू या. तिथंही हाच हिशोब आहे.