कुंभाराची उधारी

खानापूर आपणां बेळगावकरांस दूरचे नाही. तेथील लाल मातीची भांडी व कौले आपल्या पेठांत पिढ्यानपिढ्या येत आहेत, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकविणारी केंद्रीय संस्थाही त्याच गावी आहे. अशाच भांड्यांवर मोठ्या शहरांतील दालनांत हल्ली ‘फेअर ट्रेड’ची चिठ्ठी दिसते. आपल्यातील काही बंधूंस ही विलायती क्लृप्ती वाटते. आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते.

परंतु 1989 साली स्थापन झालेल्या जागतिक फेअर ट्रेड संघटनेच्या दहा तत्त्वांत एक अगदी दुकानदारी नियम आहे. हस्तव्यवसायाच्या मालाची मागणी नोंदविताना कारागिराने मागितल्यास निदान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी, असे तो सांगतो. याचे मर्म आवा पाहिल्याशिवाय कळत नाही. माती आणणे, चाळणे, मळणे, चाकावर घडविणे, सावलीत सुकविणे आणि मग भाजणे. यांतील अर्धे काम घरातील स्त्रिया करतात व त्यांची मजुरी कोणीच धरीत नाही. सरपणाचे पैसे आधी जातात. सुकताना तडकलेले व आव्यात फुटलेले नग कुंभाराच्याच खाती पडतात. पावसाळ्यात माल सुकत नाही म्हणून चाक मंदावते, घरखर्च मात्र मंदावत नाही. अशा वेळी तो सावकाराकडे जातो.

आणि आम्ही काय करीत आलो? दिवाळीच्या पणत्या उधारीवर घेतल्या, वाटेत फुटलेल्यांचे पैसे कापले व राहिलेली बाकी संक्रांतीनंतर चुकती केली. आमच्याच दुकानच्या वहीत असे व्यवहार आहेत. ते लपविण्यात अर्थ नाही. म्हणजे कुंभाराच्या भांडवलावर आम्ही धंदा केला!

श्वेतांबर आगमांत, उपासकदशा ग्रंथात, भगवान महावीरांच्या दहा प्रमुख उपासकांपैकी सद्दालपुत्त हा कुंभकार होता. पोलासपुराबाहेर त्याची पाचशे दुकाने होती, असे वर्णन आहे. कुंभार म्हणजे दयेचा विषय, ही समजूत त्या काळची नव्हे.

भाव वाढविला तर गिऱ्हाईक प्लास्टिककडे वळेल, हा आक्षेप खरा आहे. तथापि येथे प्रश्न भावाइतकाच मुदतीचा आहे. लहान उद्योगांची बाकी फार तर 45 दिवसांत द्यावी, असा 2006 चा कायदा आहे. पण नोंदणी नसलेल्या कुंभारास त्याचा आधार मिळत नाही. त्याची नोंदणी करून देण्यास आपल्या मुनिमास एक दुपार पुरेल.

यंदाच्या पणत्यांची मागणी नोंदविताना सभासदांनी निम्मी रक्कम रोख द्यावी, आणि माल गाडीत चढल्यानंतरची फूट आपल्या खाती धरावी, अशी आमची सूचना आहे. वार्षिक सभेत तिला विरोध होईल, हे आम्ही जाणतो. विरोध करणाऱ्यांनी येताना आपली गेल्या वर्षाची कुंभारखात्याची वही सोबत आणावी.