विश्लेषण : शाळेत वक्तृत्व स्पर्धा होतातच, मग वादविवाद वेगळा का शिकवायचा?

‘मोबाइल : शाप की वरदान?’ शालेय वक्तृत्व स्पर्धेतला हा नेहमीचा विषय. स्पर्धक घरून पाठ केलेले भाषण खड्या आवाजात म्हणतो, टाळ्या पडतात, पुढचे नाव पुकारले जाते. आधीच्या वक्त्याचा मुद्दा खोडून काढण्याची वेळ कुणावरच येत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये चिकित्सक विचार आणि संवादकौशल्यावर भर आहे. तो वर्गात कसा उतरणार, हा खरा प्रश्न आहे.

वक्तृत्व आणि वादविवादात फरक काय?

वक्तृत्वात कस लागतो बोलण्याचा, वादविवादात ऐकण्याचाही. जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेत प्रत्येक बाजूचे तीन वक्ते आठ-आठ मिनिटे बोलतात. पहिले आणि शेवटचे मिनिट वगळता प्रतिस्पर्धी मध्येच उठून प्रश्न विचारू शकतात. निम्म्या फेऱ्यांचे विषय आयत्या वेळी मिळतात. बाजू स्वतः निवडता येत नाही, त्यामुळे न पटणारी बाजूही मांडावी लागते. २०१९ मध्ये बँकॉकला झालेली ही स्पर्धा भारतीय संघाने जिंकली होती.

ही पद्धत आपल्याला परकी आहे का?

नाही. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याचे खोडून काढणे म्हणजे वितंडा. ‘वितंडवाद’ हा शब्द तिथूनच आला. आधी समोरच्याचे म्हणणे म्हणजे पूर्वपक्ष मांडायचा, मगच उत्तर द्यायचे, ही शास्त्रग्रंथांची जुनी रीत आहे.

दहावीच्या २० गुणांचा संबंध काय?

राज्य मंडळाने २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषा विषयांचे २० अंतर्गत गुण बंद केले. हे गुण सढळ हाताने वाटले जातात, असा आक्षेप होता. त्या वर्षी निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी ८०-२० ची पद्धत परतली. चर्चा झाली ती निकालाची. या गुणांसाठी मुलांना बोलायला आणि ऐकायला शिकवले जाते का, हा मुद्दा मागेच राहिला.

४० मिनिटांच्या तासात हे जमेल?

हिशेब सोपा आहे. प्रत्येक बाजूचे तीन, असे सहा विद्यार्थी तीन-तीन मिनिटे बोलले, तर १८ मिनिटे लागतात. बाकीचा वर्ग तोवर विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आणि त्याचे उत्तर वहीत लिहील. मग १० मिनिटे प्रश्नोत्तरे. ६० मुलांच्या वर्गात आठवड्याला असा एक तास घेतला, तर १० आठवड्यांत प्रत्येकाला संधी मिळते. वहीतल्या या नोंदींवर श्रवणाचे गुणही देता येतील.

अडचणी कोणत्या?

पहिली अडचण शिक्षकांच्या वेळेची. अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत असा तास सर्वांत आधी कापला जातो. दुसरी, नेहमीची चार धीट मुलेच पुढे येतात. त्यावर हजेरीपटाच्या क्रमाने बोलावणे हा साधा उपाय आहे. तिसरी, जात, धर्म, राजकारण असे विषय निघाले की वातावरण तापण्याची भीती. म्हणून सुरुवात ‘गृहपाठ बंद करावा’ किंवा ‘शाळेत मोबाइल आणू द्यावा’ अशा विषयांनी करता येते.

नाही शिकवले तर काय बिघडेल?

इंजिनीअरिंगच्या अनेक विद्यार्थ्यांना समोरच्याला भर सभेत उत्तर देण्याची पहिली वेळ कॅम्पस मुलाखतीच्या ग्रुप डिस्कशनमध्ये येते. तिथे मग आवाज चढवणारा जिंकतो असा समज होतो. नोकरीचे सोडा, व्हॉट्सअॅपवर आलेला मेसेज पुढे ढकलण्याआधी ‘याला पुरावा काय?’ असे विचारण्याची सवयही याच तासाला लागू शकते. अठराव्या वर्षी मतदानाचा हक्क मिळतो. दोन्ही बाजू ऐकून घेण्याचा सराव त्याआधी व्हायला हवा.