देवाला नाही, फिरायला!

गेल्या वर्षी मार्गशीर्षात आमच्या बचत गटातल्या पंधराजणी हेदवीला गेलो. दिवस मुद्दाम संकष्टीचा धरला होता. हेदवीचा दशभुजा गणेश म्हटल्यावर कुणाच्या घरचे नाही म्हणणार? खरं तर आम्हाला सड्यावर चालायचं होतं, वरून समुद्र बघायचा होता. पण तसं सांगितलं असतं तर ‘कशाला?’ हा एकच प्रश्न पंधरा घरांत विचारला गेला असता. गणपतीचं नाव घेतलं आणि सगळ्या सुटलो.

त्याची किंमत एकीने मोजली. पोटात उपास, त्यात सकाळपासून पाण्याचा घोट नाही. प्रवासात आपण बायका पाणी का पीत नाही, ते मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नको. दर्शन, आरती, फोटो यात अकरा वाजले आणि भर उन्हात सडा चढलो. वर उघडा कातळ, सावलीला झाड नाही. तिला घेरी आली. ओला पदर डोक्यावर ठेवला, गूळ-पाणी दिलं, तेव्हा कुठे डोळे उघडले. आणि पहिलं वाक्य काय, तर “घरी सांगू नका गं, पुन्हा सोडणार नाहीत.”

ते वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही. फिरायला जायचं असेल तर फिरायलाच जावं, देवाच्या आडून नको, असं माझं मत तेव्हापासून पक्कं झालं. देव कुठे जात नाही. दर्शन वाटेत होतंच.

दिवस ठरवायला आपल्याकडे भिंतीवरचं कॅलेंडर आहे. किनाऱ्यावरची माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती साधारण तीनला. द्वितीयेला दीडच्या सुमारास. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. उमामहेश्वराच्या देवळाजवळची बामणघळ बघायची तर भरतीच हवी. कातळाच्या अरुंद भेगेत लाट शिरते आणि पाण्याचा फवारा उंच उडतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, तेव्हा जोर नसतो. पौर्णिमेनंतरची द्वितीया मला सगळ्यात सोयीची वाटते. उधाण असतं, वेळ जेवणाआधीची असते आणि उपासही नसतो! घळीच्या तोंडाशी मात्र कुणी जाऊ नये. ओला, शेवाळलेला कातळ आणि मागून येणारी लाट यांचा भरवसा नाही. फोटोसाठी तर मुळीच नको.

सडा सकाळी सातलाच गाठावा. आम्ही जवळच्या, वडापने येतो. चिपळूणकडून येणारीने आदल्या रात्री हेदवीत किंवा वेळणेश्वरला मुक्काम करावा. एसटीत २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, तेवढी चैन परवडते. दहाच्या आत खाली उतरायचं, देवळाच्या सावलीत बसायचं, एकच्या सुमारास बामणघळ, मग जेवण. जेवण गावातल्याच एखाद्या घरी आधी सांगून ठेवावं. चार पैसे तिथल्या बाईच्या हातात जातात आणि सकाळी निघताना, दुपारी आल्यावर त्या घरचं न्हाणीघर हक्काने वापरता येतं. ही सोय झाली की बायका आपोआप पाणी पितात. सहलीची माहिती देणारे पुरुष हे कधीच लिहीत नाहीत. पायात चप्पल नको, पट्ट्यांचे सँडल किंवा बूट हवेत. मग साडीवर दिसतील तसे दिसोत.

आणि आवाज. आम्ही पंधराजणींनी भेंड्या लावल्या होत्या, त्यामुळे वानरांशिवाय काही दिसलं नाही. तीही आमच्या पिशव्यांसाठी आली होती. त्यांना खायला घालू नये. आज आपण केळं दिलं, की उद्या ती कुणाच्या तरी माडावर आणि कौलांवर चढतात. सड्यावर मोर असतात, कोल्हा असतो, कड्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड घिरट्या घालताना दिसतो. टिटवी ओरडली की आपण अपशकुन म्हणतो. ती बिचारी उघड्या कातळावर अंडी घालते आणि आपला पाय त्यावर पडू नये म्हणून जीव तोडून ओरडते. आई आहे हो ती. ओरडली की वाट बदलायची, एवढंच. बिबट्याची भीती खोटी नाही, म्हणून पाच-सातजणी एकत्र, उजेडात जाऊन उजेडात परत. जखमी प्राणी दिसला तर हात लावू नये, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

घरी मी हे बोलत होते तेव्हा आमच्याकडे विचारलंच, “पण मिळतं काय असं फिरून?” उत्तर पटकन सुचलं नाही. मग बागेश्री आठवली. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाला खुणा पाठवणारं यंत्र बसवलं, तिचं नाव बागेश्री ठेवलं. ती पोहत पोहत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. तिला कुणी ‘कशाला?’ विचारलं नाही. आम्ही तर फक्त सडा चढतोय!

यंदाच्या मार्गशीर्षातली वद्य द्वितीया ठरवली आहे. पंधराजणींतल्या सातजणींनीच नाव दिलं, बाकीच्या संकष्टीलाच येते म्हणाल्या. सातांत गेल्या वर्षी घेरी आलेली आहे. पाण्याच्या दोन बाटल्या आणि मुलाचे जुने बूट तिने काढून ठेवलेत. घरी काय सांगितलंस विचारलं, तर म्हणाली, “अजून सांगितलं नाही. रविवारी सांगते, सगळे जेवायला एकत्र असतात तेव्हा.”