आमच्या पोराची हजेरी कोण मांडणार?

मागच्या बैठकीत आपल्यातलेच एक ज्येष्ठ उठले आणि बोलले, पोरं वाया चाललीत. दिवसरात्र मोबाईलवर गेम. वर गेम खेळताना स्वतःचं तोंड जगाला दाखवायचं आणि त्याला धंदा म्हणायचं. सगळे हसले. मीही हसलो. घरी जाताना लोकलच्या दारात उभा होतो तेव्हा त्या हसण्याची शिसारी आली. ज्याच्यावर हसलो तो माझ्या चुलत्याचा पोरगा आहे. गाव माकणी, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव. तेरणेवरच्या धरणाचं गाव. मी त्याचा दादा, बंदरात ठेकेदाराकडं लॅशिंगला. जहाजावर थरावर थर कंटेनर रचतात, ते लोखंडी सळयांनी आवळायचे, बाहेरून आलेले सोडवायचे. मॅट्रिक झालोय, कविता करतो, पाळी लागेल तेव्हा जातो. काम कशाला म्हणतात ते मला विचारा. माझा भाऊ करतो ते काम आहे.

तुमच्यातल्या किती जणांनी पुरी एक रात्र बघितलीय? मी बघितलीय. गावाकडं गेलो होतो. घरातले झोपले की अकराला हा बसतो. एक मोबाईल खेळायला, एक चॅट वाचायला. डोळा गेमवर, दुसरा डोळा चॅटवर, तोंड सतत चालू. कुणी आलं की नाव घेऊन राम राम, जयभीम, सलाम, ज्याला जे चालेल ते. कुणी शिवी दिली की हसायचं. गोळी लागून मेला तरी हसायचं. गप्प बसला की बघणारे गेले. बंदरात क्रेनवाला वेगळा, खालून इशारा देणारा वेगळा, आवळणारा वेगळा. इथं एकच पोरगा खेळतो, बोलतो, हिशेब ठेवतो, मार खातो आणि पाहुणचारही करतो. पाच तास. वरून लाईट गेली की सगळं बोंबललं, पुन्हा पहिल्यापासून. चुलता सकाळी म्हणतो, रात्रभर कुणाशी भांडत होतास रे?

बघणारे किती, तर बारा. कधी चाळीस. एका रात्री तीनशे आले. रात्री दोनला त्यानं मला फोन केला. मी जहाजावर होतो, फोन घेतला नाही. सकाळी मेसेज बघितला, एकच शब्द : तीनशे.

आता दर सांगतो, कारण दर कळल्याशिवाय आपल्याला धंदा कळत नाही. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला आधी 1000 सबस्क्रायबर पाहिजेत आणि वर्षभरात लोकांनी 4000 तास बघितलेलं पाहिजे. हा नियम 2018 पासूनचा. तोवर जे खेळाल, बोलाल, जागाल ते सगळं फुकट. त्यानंतर जाहिरातीच्या शंभरातले 55 तुमचे, 45 कंपनीचे. बघणाऱ्यानं खुशीनं दिलेल्या पैशातले, म्हणजे सुपरचॅटमधले, 70 तुमचे. खात्यात शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसा हलत नाही. माकणीच्या पोराला शंभर डॉलर जमायला किती रात्री लागतात ते त्यालाच विचारा, त्यानं भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय. अमेरिकेत ट्विच नावाची कंपनी आहे, स्ट्रीमरांची सगळ्यात मोठी गोदी. 2014 साली अॅमेझॉननं ती 97 कोटी डॉलरला विकत घेतली. तिथं बहुतेकांना वर्गणीतला अर्धाच वाटा मिळतो. आमचा टोळीवाला मुकादमसुद्धा अर्धा खायला लाजला असता.

तुम्ही म्हणाल, मग ते मोठे झालेले? झालेत ना. मुंबईचा आदित्य सावंत, डायनॅमो. 2016 ला जिओचा स्वस्त डेटा आला, 2018 ला पबजी मोबाईल आलं, आणि हे मराठी आडनावाचं पोरगं हिंदीत बोलत बोलत कोटीच्या घरात पोचलं. त्याचं 'पट्ट से हेडशॉट' माकणीच्या पारावर पोरं म्हणायची, ज्यांच्याकडं स्वतःचा मोबाईल नव्हता तीसुद्धा. चेतन चांदगुडे, क्रॉन्टेन म्हणतात त्याला, त्यानं स्वतःची टीम उभी केली. मिथिलेश पाटणकर आहे. छिंदवाड्याकडच्या उमरानाला गावातली पायल धारे आहे, खेड्यातली मुलगी, तिचं नाव अमेरिकेपर्यंत गेलं. यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी घाम गाळलाय. राग आहे तो त्यांचे फोटो दाखवून बाकी लाखांना फुकट राबवणाऱ्यांवर. एक हमाल लॉटरीत बंगला जिंकला म्हणून गोदीत हमालीचा दर ठरवायचा नाही काय?

आणि वर पोचलेल्याचं तरी काय? टायलर ब्लेव्हिन्स, निंजा नावानं खेळणारा, जगात पहिल्या नंबरचा होता तेव्हाची गोष्ट. जून 2018. दोन दिवसही पुरे झाले नव्हते बाहेर जाऊन, तर पैसे भरणारे 40 हजार लोक तुटले असं त्यानं स्वतः सांगितलं. पहिल्या नंबरच्याला दोन दिवसांची रजा नाही! लुडविग नावाचा दुसरा एक 2021 साली सलग 31 दिवस लाईव्ह होता. झोपायचा तेही लाईव्ह. लोक पैसे टाकायचे तसा घड्याळात वेळ वाढायचा. माणूस झोपलाय आणि दुनिया त्याच्या झोपेवर पैसे लावतेय. आम्ही डबल पाळी केली तर अंगात ताप येतो, पण निदान घरी जाऊन दार लावून झोपतो.

सरकारचं काय सांगू! मार्च 2019 मध्ये राजकोटच्या पोलिसांनी पबजी खेळतात म्हणून पोरांना अटक केली. खेळतात म्हणून. 2 सप्टेंबर 2020 ला चीनशी सीमेवर भांडण झालं म्हणून 118 अॅप बंद केले, त्यात पबजी गेलं. एका सायंकाळी हजारो पोरांचं दुकान बसलं. कुणी त्यांना विचारलं नाही, नुकसानभरपाईचा शब्द नाही, कारण सरकारच्या कागदावर त्यांचं दुकानच नव्हतं. जुलै 2021 ला तोच खेळ नवं नाव लावून आला, जुलै 2022 ला पुन्हा गायब झाला, मे 2023 ला पुन्हा आला. मधल्या काळात, फेब्रुवारी 2022 मध्ये, फ्री फायर बंद झालं. बंदरात संप झाला, वादळ आलं तर आधी लाल बावटा दिसतो. यांना बावटाही नाही. आणि मग एप्रिल 2024. लोकसभेचं मतदान तोंडावर. पंतप्रधानांनी सात गेमर घरी बोलावले, हातात खेळ घेऊन फोटो काढले. पाच वर्षांपूर्वी कोठडी, आता चहा. त्या सातांत राजकोटच्या कोठडीतलं एकही पोरगं नव्हतं.

ऑगस्ट 2025 ला केंद्रानं कायदा केला. पैसे लावून खेळायचे गेम बंद, ई-स्पोर्ट्सला मान्यता. पैशाचे गेम बंद झाले ते बरंच झालं, रमीच्या पायी घरं बसलेली मी बघितलीत. पण बाकीच्या दारू-तंबाखूसारखंच झालं, विकणारा गेला की आधी त्याची पाटी उचलणारा उपाशी. लहान स्ट्रीमरांना रोख पैसे कोण देत होतं, तर याच जुगारी कंपन्या जाहिरातीपोटी. (त्याच्या महिनाभर आधी आपल्या विधिमंडळात कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसली होती. ते म्हणाले मी खेळत नव्हतो, जाहिरात घालवत होतो. कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं. आमच्या भावानं हे ऐकून जे काय म्हटलं ते छापता येत नाही.)

आता जे सांगायचं ते सांगतो. माकणीच्या आमच्या घरावर पत्रा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात भिंती गेल्या, पत्रा आला तो राहिला. पावसात तो वाजतो, आणि तो आवाज माईकमधून जातो. एका रात्री चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, छपरी. मग दुसऱ्यानं. मग पन्नास जणांनी. छपरी, छपरी, छपरी. हा शब्द तुम्ही सगळे वापरता, मीही वापरलाय. फ्री फायर हजारबाराशे रुपयांनी हप्ता फेडलेल्या साध्या मोबाईलवर चालायचं, म्हणून ते खेळणारा छपरी. केस रंगवले, छपरी. छप्पर ज्याच्या डोक्यावर तो छपरी. अरे, छप्परबंद ही विमुक्तांच्या यादीतली जात आहे या महाराष्ट्रात, आणि तुम्ही तो शब्द शिवी म्हणून चघळता! चॅटमधला पहिला प्रश्न गेमचा नसतो. भाई, पूरा नाम बताओ. आडनाव कळलं की पुढचं ठरतं. अहमदाबादच्या अज्जूभाईनं, टोटल गेमिंगवाल्यानं, 2018 पासून नुसत्या आवाजावर करोडो लोक जमवले, तोंड दाखवलं फेब्रुवारी 2024 ला. त्याची कारणं त्याची. आमचा भाऊ आडनाव का लपवतो त्याचं कारण मात्र मला चांगलं ठाऊक आहे. बापजाद्यांनी विहिरीवर पाणी मागताना जे सोसलं ते हा पोरगा रात्री एकला पाच इंची काचेवर सोसतो, आणि हसतो, कारण हसला नाही तर बघणारे जातील.

गेल्या पावसाळ्यात त्याचं चॅनेल गेलं. एका कंपनीनं बंद केलं. इंग्रजीत पत्र आलं, मी माझं मॅट्रिकचं इंग्रजी घेऊन बसलो. नियम मोडला म्हणे. कुठला नियम, कुठल्या दिवशी, काही नाही. अपील केलं. नऊ मिनिटांत नकार आला. नऊ मिनिटांत माणूस वाचत नाही, मशीन वाचतं. दोन वर्षांच्या रात्री गेल्या. तो तीन दिवस जेवला नाही, आणि चुलती म्हणाली, बरं झालं, आता झोपंल तरी.

दोस्तहो, ही गोष्ट मला जुनी वाटते. गोदीत माझ्या आधीच्या पिढ्या अशाच फाटकाबाहेर उभ्या असायच्या. टोळीवाला बोट दाखवेल तो आत, बाकीचे घरी. का घेतलं नाही ते विचारायची सोय नाही. मग माणसं भांडली. 1948 साली गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा झाला, त्याखाली मुंबईत गोदी कामगार मंडळ आलं. नोंदणीपटावर नाव आलं. बोट लागली नाही तरी हजर राहिल्याचे पैसे. काम ठरलं आणि ऐन वेळी झालं नाही तर त्याचेही पैसे. काढायचं असेल तर आधी कारण आणि चौकशी. पी. डिमेलोंच्या नावाचा रस्ता अजून बंदराच्या भिंतीला लागून जातो, त्यावरून मी कामाला जातो, आणि हे सगळं मला मिळत नाही, कारण ते मंडळ 1994 ला पोर्ट ट्रस्टमध्ये विरघळलं आणि माझ्यासारखे ठेकेदाराच्या खिशात गेले. म्हणजे मी आणि भाऊ, दोघं एकाच फाटकाबाहेर. माझ्या फाटकाला निदान कुलूप दिसतं.

कुणी म्हणेल, स्ट्रीमरांची कसली आलीय युनियन! जर्मनीत बघा. यॉर्ग श्प्रावं नावाचा गलोली बनवून दाखवणारा यूट्यूबवाला, त्यानं 2018 मध्ये यूट्यूबरांची युनियन काढली. 2019 च्या जुलैत तिच्या मागं कोण उभं राहिलं, तर आयजी मेटाल. मोटार आणि पोलादाच्या कारखान्यांतल्या लाखो कामगारांची युनियन. भट्टीपुढं उभं राहणाऱ्यांनी हे नाही म्हटलं की हा टाईमपास आहे. त्यांनी मागितलं काय, तर नियम उघड करा, शिक्षेचं कारण सांगा, माणसापुढं अपील करू द्या. आणि 1 सप्टेंबर 2021 ला ट्विचवर काळ्या आणि समलिंगी, ट्रान्स स्ट्रीमरांवर झुंडीनं शिव्यांचा मारा चालला होता तेव्हा त्यांनी एक दिवस लाईव्ह यायचंच बंद केलं. बंद पाळला! ज्यांना आपण पडद्यामागचे आळशी म्हणतो त्यांनी.

आपल्याकडं कागद तयार आहे. सामाजिक सुरक्षा संहिता 2020, लागू झाली 21 नोव्हेंबर 2025 ला. तिच्या सातव्या अनुसूचीत कुणाकुणाच्या कंपन्यांनी कामगारांसाठी पैसे भरायचे ती यादी आहे. टॅक्सीवाले आहेत, जेवण पोचवणारे आहेत, आणि आठव्या नंबरला आहे कंटेंट आणि मीडिया सेवा. उलाढालीतला एक ते दोन टक्के. यादीत खातं आहे, त्यात आमचं पोरगं बसतं की नाही हे कुणी भांडून ठरवलेलं नाही. उबरवाल्यांसाठी मोर्चे निघाले, झोमॅटोवाल्यांसाठी निघाले, आपणच काढले. स्ट्रीमरांसाठी आपण हसलो.

म्हणून पुढच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे. आपल्या संघटनेत स्ट्रीमरांची वेगळी नोंद घ्या, गावासकट. आठव्या नंबरात त्यांना धरा असा अर्ज कामगार आयुक्तांकडं आपल्या लेटरहेडवर जाऊ द्या. चॅनेल बंद झालं की इंग्रजी पत्र वाचायला आणि उत्तर लिहायला वकिली शिकणारी आपली दोन पोरं बसू द्या, नऊ मिनिटांच्या नकाराला नव्वद पानांचं उत्तर जाऊ द्या. आणि छपरी हा शब्द आपल्या व्यासपीठावरून, आपल्या ग्रुपवरून, आपल्या तोंडातून आजपासून बंद. यावर हात वर करायला ज्याला जड जाईल त्यानं उठून कारण सांगावं.

भावानं नवं चॅनेल काढलंय. बघणारे चौदा आहेत. या वेळी आडनाव लावलंय. शनिवारी रात्रीच्या गाडीनं मुंबईला येतोय, बैठकीला बसणार आहे. काल फोनवर विचारत होता, दादा, तिथनं लाईव्ह आलो तर चालंल का? मी म्हटलं, विचारून सांगतो. तर ज्येष्ठांनो, इथंच छापून विचारतोय.