पाडण्यापूर्वी एकदा मोजून पाहा

घर जुने झाले की पाडायचे, हे आपण इतके गृहीत धरले आहे की याला दुसरा काही मार्ग असेल, असे कुणी म्हटले तर ऐकणाऱ्याला नवल वाटते. वसईच्या किल्ल्याशेजारी पाचूबंदरात फिरताना मला हे नेहमी जाणवते. एका बाजूला होड्या, जाळी आणि बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. दुसऱ्या बाजूला अरुंद गल्ल्या, आणि त्यांत कौलारू घरांची जागा घेत चाललेली सिमेंटची घरे. पाडणाऱ्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. कुटुंब वाढते, कौले गळतात, वाशांना वाळवी लागते, जुने काम जाणणारा सुतार मिळत नाही. संडास-न्हाणीघर घरातच हवे, ही बायकांची मागणी तर रास्तच आहे. माझे म्हणणे एवढेच, की हे सारे जुन्या घरातही करता येते का, हे पाडण्यापूर्वी कुणीतरी जाणकाराने पाहायला हवे.

असे पाहणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, असे वास्तुविशारद आज जगभर आहेत. त्यांचे काम कोऱ्या कागदावर सुरू होत नाही. आधी घराचे मोजमाप घ्यायचे. पाया, खांब, भिंतीतली ओल, लाकडातली कीड तपासायची. जे सडले तेवढेच बदलायचे आणि उरलेल्याला नवे काम द्यायचे. दगड-चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला तर ओल आत कोंडते, चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडते, एवढी साधी गोष्टही घर वाचवू शकते. उलट समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत सिमेंटच्या आतल्या सळ्या गंजतात, फुगतात आणि स्लॅबचे पोपडे पडू लागतात. नवे ते टिकाऊच, असे मानणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे.

फ्रान्समधील आन लाकातों आणि झाँ-फिलिप वासाल या जोडीने तर न पाडणे हेच व्रत मानले. बोर्दो शहरातील ५३० सदनिकांच्या जुन्या इमारती त्यांनी सहकाऱ्यांसह बाहेरून वाढवल्या, प्रत्येक घराला प्रशस्त सज्जा दिला. काम चालू असताना रहिवासी आपापल्या घरातच होते. २०२१ साली या दोघांना वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

आपल्याला मात्र हे शिकायला परदेशात जाण्याची गरज नाही. पाचूबंदरालगतचा किल्लाच पाहा. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकली. त्यानंतर किल्ल्यातल्या ज्या वास्तूंना काही काम उरले नाही, त्यांची छपरे गेली, भिंतींवर झाडे उगवली. ज्या चर्चचे छप्पर पुन्हा घातले गेले आणि जे आज संत गोन्सालो गार्सियाच्या नावाने ओळखले जाते, तिथे मात्र प्रार्थना होते. इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या; नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांपैकीच मानली जाते. तिला नवे काम मिळाले, म्हणून ती राहिली.

याच वसईत १८०२ साली इंग्रजांशी तह करणाऱ्या दुसऱ्या बाजीरावाने पुढे पुण्यात विश्रामबागवाडा बांधला. पेशवाई बुडाल्यावर तो ओस पडायचा. पण १८२१ साली तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. १८७९ च्या आगीत वाड्याचे मोठे नुकसान झाले, तरी तो पुन्हा उभा राहिला आणि पुढे नगरपालिकेच्या कारभारालाही उपयोगी पडला. एका विलासी पेशव्याचे घर गावाच्या कामाला आले, म्हणून आज ते पाहता येते.

नवे काम दिले म्हणजे सगळे साधले, असे मात्र नाही. मुंबईच्या गिरण्यांची धुराडी काही ठिकाणी राखली गेली, पण त्यांच्या सावलीत दुकाने आणि उपाहारगृहे आली. १९८२ च्या संपानंतर देशोधडीला लागलेल्या कामगाराला तिथे जागा उरली नाही. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत १४ जण मेले. जुन्या वास्तूत नवा उद्योग आणताना बाहेर पडायच्या वाटा, विजेच्या तारा आणि गच्चीवरचे छप्पर कोण तपासतो, हा प्रश्न जिवावरचा असतो.

म्हणून पाचूबंदरातल्या जुन्या घरांची शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी हॉटेले झाली, तर त्याला मी घर वाचवणे म्हणणार नाही. खाली जाळी विणायला ओटा आणि वर लेकासाठी दोन खोल्या, असे काही झाले तर म्हणेन.

यात एक व्यवहारही आहे. २०१० च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. जुन्या घराची दुरुस्ती मात्र परवानगीने करता येते. किल्ल्यालगत राहणाऱ्यांसाठी दुरुस्तीचे शास्त्र ही चैन नसून गरज आहे.

वसई-विरार महापालिकेने वास्तुकला महाविद्यालयांच्या मुलांना हाताशी धरून या कौलारू घरांची मोजमापे घ्यावीत, दुरुस्तीचा सल्ला फुकट द्यावा आणि घर राखणाऱ्याला घरपट्टीत सूट द्यावी. घरमालकांनीही ठेकेदाराला बोलावण्याआधी एकदा दुरुस्तीचा हिशेब मागावा. तो पाहूनही कुणाला घर पाडावेसे वाटले, तर तो त्याचा हक्क आहे. आज तो हिशेब कुणी मांडतच नाही, अशी माझी तक्रार आहे.