भाकीत आधी, आकडे नंतर

सप्टेंबर २०२० मध्ये संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओचे स्क्रॅमजेट इंजिन ओडिशाच्या किनाऱ्याजवळ, ध्वनीच्या सहापट वेगात, २० सेकंदांहून अधिक चालले. एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादेत जमिनीवरच्या चाचणीत लहान आकाराचे कम्बस्टर (ज्वलनकक्ष) १००० सेकंदांच्या पुढे टिकले. कौतुक झाले, आणि ते रास्तच होते. माझा प्रश्न मात्र सेकंदांचा नाही. अशा इंजिनांच्या आराखड्यामागे जे संगणकीय सिम्युलेशन असते, त्याच्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा, हा आहे.

स्क्रॅमजेटच्या आतही हवा ध्वनीपेक्षा वेगानेच धावते. इंधनाला मिसळायला, पेटायला आणि जळायला जेमतेम एक मिलिसेकंद मिळतो. त्या प्रवाहातला प्रत्येक भोवरा मोजू म्हटले, तर महासंगणकही पुरे पडत नाहीत. मग सरासरीची सूत्रे येतात आणि त्यांच्याबरोबर ‘टर्ब्युलंट श्मिट क्रमांक’ हा आकडा येतो. इंधन किती झपाट्याने पसरेल ते तो ठरवतो, आणि त्याला ठरवतो सिम्युलेशन करणारा. तो जरा बदलला की त्याच कम्बस्टरमध्ये पडद्यावर कधी ज्योत विझते, तर कधी दाब चढून आत येणारी हवाच अडते. रंगीत चित्र दोन्ही वेळा तितकेच देखणे असते.

म्हणून क्वीन्सलँड विद्यापीठाचा ‘हायशॉट’ हा स्क्रॅमजेट प्रयोग मला मोठा वाटतो. पहिले उड्डाण फसल्यावर ३० जुलै २००२ रोजी ऑस्ट्रेलियातल्या वूमेराहून दुसरे झाले. कम्बस्टर ३० सेंटिमीटर लांब, उंचीला एक सेंटिमीटरही नाही. हायड्रोजन सोडायला दोन-दोन मिलिमीटरची चार छिद्रे. शेजारी तसेच दुसरे कम्बस्टर, पण बिनइंधनाचे. दोन्हींतल्या दाबाचा फरक म्हणजे ज्वलनाचा पुरावा. रचना इतकी साधी आणि सर्वांना ठाऊक, की पुढे जर्मनीत गोटिंगेनच्या शॉक टनेल या जमिनीवरच्या चाचणी-बोगद्यात तिची चाचणी झाली आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तिचे सिम्युलेशन केले. इंधन वाढवत नेले की कम्बस्टरमध्ये शॉक लहरींची मालिका उभी राहते, हे दोन्हीकडे पडताळता आले.

असा खुला प्रयोग आपल्याकडेही व्हावा. त्यासाठी क्षेपणास्त्राचा आराखडा कोणी मागत नाही. पण इस्रो नागरी संस्था आहे. २८ ऑगस्ट २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून तिने हायड्रोजनवरची स्क्रॅमजेट इंजिने सुमारे पाच सेकंद चालवलीही आहेत. तिने शस्त्राशी संबंध नसलेले एक साधे कम्बस्टर घ्यावे, त्याची मापे जाहीर करावीत आणि चाचणीच्या आधी देशभरातून भाकिते मागवावीत. दाबाचे आकडे नंतर उघडावेत. ओपनफोमसारखे सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर आज फुकट मिळते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हवा असतो तो ताडून पाहायला खरा आकडा. उत्तर माहीत झाल्यावर सूत्रातला आकडा फिरवून आलेख जुळवणे कोणालाही जमते. बहुतेकांची भाकिते चुकतील, चुकू देत. कोणते गृहीतक कुठे दगा देते, हे तेवढ्यानेच कळेल, आणि पुढचे इंजिन बांधणाऱ्याला तीच माहिती हवी असते.