साखरेच्या पोत्यावर तोडणीचाही हिशेब छापा

महाराष्ट्रातील सहकारी व खासगी साखर कारखान्यांचे अध्यक्ष आणि कार्यकारी संचालक, साखर आयुक्त, तसेच ट्रक भरभरून साखर घेणारे शीतपेय, बिस्किट व मिठाईचे उत्पादक यांस,



गाळप हंगाम तोंडावर आला आहे. मुकादमांनी उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, वाटली आहे आणि दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या वाड्यावस्त्यांवरून संसार लादलेले ट्रॅक्टर सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे आणि पुढे कर्नाटकात निघतील. हंगामाच्या तयारीत तुम्ही बॉयलर पेटवाल, मोळी टाकाल, वजनकाटे तपासून घ्याल. त्याच तयारीत आणखी एक काम धरावे, अशी मागणी करायला हे पत्र लिहिते आहे. ज्या पोत्यातून माझ्या घरची साखर येते, त्या पोत्यावर ऊस तोडणाऱ्यांचाही हिशेब असावा.

किराणा दुकानात उभे असलेले पन्नास किलोंचे पोते कधी नीट वाचून पाहा. कारखान्याचे नाव, गाव, तालुका, हंगामाचे वर्ष, निव्वळ वजन आणि दर्जा, एस-३० की एम-३०. दाणा बारीक आहे की मोठा, हे देखील गिऱ्हाइकाला कळावे म्हणून आपण व्यवस्था उभी केली. दुकानदाराने पोत्याची शिवण उसवून साखर पिशवीत मोजून दिली की तो सगळा मजकूर मागे राहतो. म्हणजे साखर निनावी होते ती शेवटच्या पायरीवर. तोवर ती कुठल्या कारखान्याची, कुठल्या हंगामाची, हे सगळे माहीत असते. नसते ते एवढेच, की हा ऊस कोणी, कुठल्या दराने आणि कशा अवस्थेत तोडला.

ती अवस्था आमच्या भागात लपलेली नाही. कारखान्याच्या आजूबाजूच्या माळावर कोप्यांची रांग पडते. बांबूच्या कमानीवर ताडपत्री, वाकून आत जायचे, पाण्याची टाकी असली तर लांब, संडास बहुतेक ठिकाणी नाहीच. बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकरी थापते, पोराला पाचटावर निजवते आणि फडात उतरते. नवरा तोडतो, ती वाढे छाटते, मोळ्या बांधते. डोक्यावरून ऊस वाहायच्या ‘डोकी सेंटर’वर असेल तर गाडी येईल तेव्हा, रात्री नऊला का होईना, तीस-पस्तीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढते. पोटुशी असली तरी चढते. पाळीच्या दिवसांत चढते. आजारपणाने एक दिवस राहिली तर खाडा पडतो, आणि खाड्याचे कुठे पाचशे, कुठे हजार रुपये उचलीतून वळते होतात. दिवसभराच्या कमाईपेक्षा दंड मोठा, अशी ही पद्धत आहे.

नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. हिशेब कोयत्याचा होतो, उचल पुरुषाच्या हातात जाते आणि निम्मे काम करणाऱ्या बाईचे नाव कुठल्याच कागदावर येत नाही. लग्न झाल्याशिवाय कोयता पुरा होत नाही, म्हणून मुलींची लग्ने लवकर उरकली जातात. बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय शस्त्रक्रियांची बातमी २०१९ मध्ये गाजली, तेव्हा राज्य सरकारने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३ हजारांवर बायकांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या अनेकींनी तिशीही नीट पार केलेली नव्हती. खाडा परवडत नाही, म्हणून शरीराचा एक भाग काढून टाकायचा! हे वाचल्यावर चहात साखर घालताना हात अडखळला नाही असा माणूस असेल, असे मला वाटत नाही.

यावर तुमच्याकडून येणारे उत्तर ठरलेले आहे: हे मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. पण तोडणी-वाहतुकीचा करार कारखाना करतो. उचलीचा पैसा कारखान्याकडून वाहतूकदाराकडे आणि तिथून मुकादमाकडे जातो. कुठल्या टोळीने कुठल्या गटातला फड कधी तोडायचा, हे शेतकी विभाग ठरवतो. तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस, चिटबॉय, रोज फडावर असतो. पंधरवड्याचे बिल कारखान्याच्या कार्यालयात निघते. टोळी आज कुठे आहे हे ज्याला माहीत असते, त्याला ती कुठे झोपते हे माहीत करून घेणे अवघड नाही.

मला याचे अधिक दुःख होते ते एका कारणाने. जगात ज्याला फेअर ट्रेड म्हणतात, रास्त व्यापार, त्याची युरोपातली पहिली मोहोर १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये कॉफीच्या पाकिटांवर उमटली. आपल्याकडे त्याच्या चाळीस वर्षे आधी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी तोच विचार सहकारी साखर कारखान्याच्या रूपाने उभा करायला घेतला. सावकार आणि व्यापारी यांच्या कचाट्यातून शेतकऱ्याला सोडवायचे, मालाची किंमत पिकवणाऱ्याच्या हाती ठेवायची. महाराष्ट्राने जगाला दाखवावे असे ते काम होते. त्या विचाराच्या कुंपणात भागधारक शेतकरी आला, पगारी कामगार आला, त्याची संघटना आली. ऊस तोडणारा बाहेर राहिला. आज शेतकऱ्याला एफआरपीचा, म्हणजे उसाच्या किमान रास्त दराचा, कायदा आहे, ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे बंधन आहे, उशीर झाला तर व्याज आहे. तोडणाऱ्याला यातले काहीही नाही. वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ मध्ये झाला, तरी उचल फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामाला बांधून घेतलेली कुटुंबे अजून आहेत.

साखर आणि गिऱ्हाइकाची सदसद्विवेकबुद्धी यांचे नाते जुने आहे. इंग्लंडमध्ये १७९१ साली गुलामांच्या व्यापारावर बंदीचा ठराव पार्लमेंटने फेटाळला, तेव्हा हजारो कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर घरात आणणे बंद केले. पुढे तिथल्या टेबलांवर अशी साखरदाणी दिसू लागली, जिच्यावर लिहिलेले असे की ही साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांच्या हातची नाही. भारताकडून येणारी साखर त्या घरांत स्वच्छ हातांची म्हणून मानाने वाढली जात होती. २०२४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट ही वृत्तसंस्था यांनी महाराष्ट्राच्या फडांतल्या कर्जबाजारीपणावर, बालविवाहांवर आणि गर्भाशय शस्त्रक्रियांवर लिहिले, आणि ही साखर विकत घेणाऱ्यांत कोका-कोला आणि पेप्सिको यांची नावे जगापुढे आली. दोन शतकांत आपण कुठून कुठे आलो, हे अध्यक्ष महाशयांनी आपल्या सर्वसाधारण सभेत एकदा मांडावे.

आता पैशांचे बोलू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपयांवर गेला. टनभर उसातून शंभर ते एकशेदहा किलो साखर निघते. म्हणजे दुकानात किलोला चाळीस-पंचेचाळीस रुपये मोजताना तोडणाऱ्या जोडप्याच्या वाट्याला साडेतीन रुपये येतात, तेही दोघांत मिळून. हा दर उद्या दीडपट केला तर किलोमागे पावणेदोन रुपये वाढतील. चौघांच्या घरात महिन्याला चार किलो साखर लागते असे धरले, तरी बोजा सात रुपयांचा. ऊसतोड कामगार कल्याणकारी महामंडळासाठी तुमच्याकडून टनाला १० रुपये घेतले जातात. ते किलोला दहा पैसे पडतात. एवढ्यावर वसतिगृह, दवाखाना, विमा, सगळे बसवायचे आहे.

हा वाढीव पैसा शेतकऱ्याच्या बिलातून कापू नका, ही मात्र विनवणी आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्याच एफआरपीतून वजा होतो आणि एकरभर उसावर घर चालवणारा माणूस काही श्रीमंत नाही. साखरेचा किमान विक्री दर २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला. तो वाढवून द्या, अशी तुमची दिल्लीकडे अनेक वर्षांची मागणी आहे. ती मागताना वाढीतला ठराविक हिस्सा तोडणाऱ्याच्या नावे बांधून मागा. आम्ही गिऱ्हाईक तुमच्या बाजूने उभे राहू.

शिक्के आणि प्रमाणपत्रे यांच्यावर माझा भाबडा विश्वास नाही. तपासणीस आधी कळवून येतात, गेस्ट हाउसवर उतरतात, कारखान्याचे यंत्रघर पाहून जातात. ऊस मात्र फडात तुटतो. उपयोगी पडेल असा नमुना आपल्याच देशात आहे. कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये गालिच्यांसाठी रगमार्क सुरू झाला: बालमजुरीविना विणलेल्या गालिच्याला क्रमांकाची पट्टी, त्या क्रमांकावरून माग काढायची सोय आणि मागावर न सांगता होणारी तपासणी. तशी सोय साखरेला करणे अधिक सोपे आहे, कारण पोत्यावर कारखाना आणि हंगाम आधीच छापलेले आहेत.

साखर आयुक्तालयाने प्रत्येक कारखान्याचे एक पान जाहीर करावे आणि त्याची खूण पोत्यावर छापायला लावावी. त्या पानावर किती कोयते आले, बाईची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होते का, कोप्यांजवळ पाणी, दिवा आणि संडास आहे का, खाडा बंद केला का, किती मुले कारखान्यावरच्या साखरशाळेत किंवा गावाकडच्या वसतिगृहात आहेत, ही माहिती असावी. ती बरोबर आहे का, हे पाहायला कारखान्याच्या माणसाऐवजी गावातल्या आशाताईंना आणि मजूर संघटनेला अधिकार द्यावा. ‘पुढे हार्वेस्टर येणारच आहेत’ हे कारण सांगू नका. यंत्र येईल तेव्हा येईल, या हंगामात फळीवर चढणारी बाई आज गरोदर आहे.

मोठ्या खरेदीदारांना वेगळे सांगायला नको. घरोघरी किलो-दोन किलो घेणारी मी एकटी कारखान्याला विचारायला गेले तर कोण उत्तर देणार? तुम्ही खरेदीच्या करारात एक ओळ घातली तर अध्यक्ष स्वतः फडावर जाऊन येतील. हीच विनंती लाडवांसाठी टनांनी साखर घेणाऱ्या देवस्थानांना आहे, वसतिगृहांच्या खानावळींना आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हजारो कुटुंबांचे वाणसामान एकत्र खरेदी करून घरपोच करते. भेसळ आणि वजनमाप यांच्यासाठी ती जशी झगडली, तशी तिने साखर घेताना कोप्यांची चौकशी करावी. दाराशी येणाऱ्या मालाची यादी ज्यांच्या हातात आहे, त्यांचा प्रश्न कारखान्याला टाळता येणार नाही.

माझ्या बाजूने एवढे सांगते. आमच्या सोसायटीतल्या बायकांनी यंदा दिवाळीची साखर एकत्र घ्यायची ठरवली आहे आणि दुकानदाराला कारखान्याचे नाव विचारणार आहोत. पोत्यावरचे नाव टिपून त्या कारखान्याला पोस्टाने तीनच प्रश्न पाठवू: बाईची मजुरी कोणाच्या हातात देता, खाडा घेता का, आणि कोप्यांजवळ संडास आहेत का. जो कारखाना खरे उत्तर देईल, ते उत्तर अपुरे असले तरी, त्याची साखर आम्ही घेऊ आणि किलोमागे दोन रुपये जास्त मोजू. ती रक्कम कुठल्या खात्यात भरायची, ते आयुक्त कार्यालयाने पहिली मोळी पडण्याआधी जाहीर करावे.

कळावे.

आपली,
सांगलीची एक गिऱ्हाईक